वहिनींच्या घरातला सेल

मराठीत जे बोलायला जीभ रेटत नाही, ते इंग्रजीत बोलायला शिकवतात आणि वर त्याची फी घेतात, हे मला साठी जवळ आल्यावर कळलं. आमच्या इमारतीत दुपारी इंग्रजी संभाषणाचा वर्ग भरतो. इमारतीतल्या आम्ही बायका आणि दोन निवृत्त पुरुष, एवढेच विद्यार्थी. निवृत्तांपैकी एक एकेकाळी बँकेत मॅनेजर होते. बँकेने त्यांना सोडलं, पण मॅनेजरकी त्यांना सोडेना, म्हणून अख्खी इमारत त्यांना अजून मॅनेजरच म्हणते.

शिकवणाऱ्या मॅडम तरुण आणि उत्साही. पुस्तकातून भाषा येत नाही, ती 'रिअल एन्व्हायरन्मेंट'मध्ये येते, असा त्यांचा सिद्धांत. धडा चालला होता खरेदीचा. दुकानात काय विचारायचं, किमतीबद्दल कसं बोलायचं, घ्यायचं की नाही हे कसं सांगायचं. मग मॅडमनी टूम काढली की वर्ग दर वेळी एकेकाच्या घरी भरवायचा. ज्याचं घर, तो विक्रेता. घर म्हणजे दुकान. बाकी सगळे गिऱ्हाईक. घरातली प्रत्येक वस्तू विक्रीला आहे असं धरायचं आणि बोलायचं फक्त इंग्रजीत. विक्रेत्याने रागवायचं नाही. कस्टमर इज ऑलवेज राइट.

पहिला नंबर माझ्या घराचा लागला. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई, म्हणजे डॉक्टर त्यांचे मिस्टर, या कितीतरी वर्षं माझ्या सोफ्यावर बसून माझी बिस्किटं खात आल्यात आणि 'छान आहे हो सोफा' म्हणत आल्यात. त्या दिवशी त्यांनी सोफ्यात दोन बोटं खुपसली आणि म्हणाल्या, "इट्स नॉट वर्थ इट." मॅनेजर खाली वाकून सोफ्याचे पाय बघत म्हणाले, "इट लुक्स चीप." मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "एक्सलंट! फक्त हसत म्हणा." मग दोघांनी तेच हसत म्हटलं. मला पुस्तकातलं उत्तर द्यावं लागलं, "लेट मी सी व्हॉट आय कॅन डू." मी काय करू शकते ते मराठीत विचारलं असतं तर दाखवलं असतं.

पुढच्या वेळी डॉक्टरीणबाईंकडे मी तयारी करून गेले. त्यांच्या हॉलमधले जांभळे पडदे हातात धरून मी विचारलं, "डू यू हॅव समथिंग लेस अग्ली?" मॅडम म्हणाल्या, अग्ली नका म्हणू, सिंपलर म्हणा, ते जास्त सभ्य आहे. मी म्हटलं, सभ्य नकोच आहे मला. असं घरोघरी चाललं होतं. जावयाने दिलेला टीव्ही 'आउटडेटेड' ठरला, सुनेने निवडलेला डिनर सेट 'ओव्हरप्राइस्ड' ठरला, आणि सगळे हसत हसत घरी गेले. आमचे हे म्हणायचे, "भांडायला फी भरून कशाला जातेस? घरी फुकट होतं की."

या सगळ्यात एकट्या वहिनी वेगळ्या. वहिनी म्हणजे माझ्या दारासमोरच्या. नात्याने कोणी नाहीत, पण वयाने मोठ्या, म्हणून वहिनी. त्यांना कुणाची बादली जरी दाखवली तरी त्या म्हणायच्या, "आय लव्ह इट, बट इट्स आउट ऑफ माय बजेट." माणसाने इतकं चांगलं असू नये. चांगल्या माणसाला लोक गृहीत धरतात, आणि सगळ्यात आधी घरचे धरतात.

भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा विमानाने जायच्या अंतरावर राहतो. कपाळ मागे सरकत सरकत टाळूला पोचलं तरी त्याचं नाव बाळच. बाळच्या मुलांना मराठी येत नाही. फोनवर 'हाय ग्रॅनी' आणि 'बाय ग्रॅनी' यांच्या मध्ये काहीतरी असावं, एवढ्याचसाठी वहिनी या वर्गाला आल्या. आता वर्गात शिकवत होते खरेदी, तर त्यांनी नातीला फोनवर विचारलं, "हाउ मे आय हेल्प यू टुडे?" नात खो खो हसली. मग तिनेही दुकान मांडलं आणि आजीला आपल्या बाहुल्या विकल्या. वहिनींनी घासाघीस करून तीन बाहुल्या घेतल्या. इतका वेळ नात त्यांच्याशी कधीच बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी मला सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला बाळचा राग आला. कारण नसताना आला असं तेव्हा वाटलं.

वहिनी भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना वाक्यं घोकायच्या. वर्गात त्या सगळ्यांच्या पुढे गेल्या. आणि मग त्यांच्या घराचा नंबर आला.

त्यांनी घर आरशासारखं केलं. कपाटाला, पलंगाला, भिंतीवरच्या घड्याळाला कागदाच्या चिठ्ठ्या लावल्या, 'न्यू अरायव्हल', 'बेस्टसेलर' असं लिहून. मिक्सरवर 'सोल्ड आउट' होतं, कारण तो बंद पडला होता. आम्ही सगळे जमलो, आणि मॅडमबरोबर आणखी दोघं आली. तिशीतलं जोडपं. मॅडम म्हणाल्या, आज आपल्याकडे दोन नवे मित्र आहेत.

मला पहिल्यापासून खटकलं ते एवढंच की या दोघांचं इंग्रजी आमच्या वर्गाच्या मानाने फारच चांगलं होतं. पोहता येणारा माणूस पोहण्याच्या वर्गाला कशाला येईल? आणि आम्ही कपाटं, भांडी बघत होतो, तर ही दोघं भिंती ठोकून बघत होती. त्याने मोरीतला नळ सोडून पाण्याचा जोर पाहिला. तिने फ्लश दोनदा ओढला. मग त्याने खिशातून मोजपट्टी काढली आणि स्वयंपाकघराचा ओटा मापला. मॅडम आम्हाला म्हणाल्या, "बघा, भूमिकेत कसं शिरायचं ते!" मॅनेजरांना राहवलं नाही. ते फ्रीजपाशी गेले आणि मोठ्याने म्हणाले, "आय विल टेक इट राइट नाउ!" ते ऐकून त्या जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं आणि त्यांची चाल एकदम भरभर झाली.

वहिनी मात्र त्या दिवशी रंगात होत्या. झोपायच्या खोलीत त्यांनी खिडकी उघडली आणि म्हणाल्या, "इट गेट्स प्लेंटी ऑफ लाइट." गॅलरीत भाऊजींची खुर्ची अजून तशीच आहे. तिथे त्या क्षणभर थांबल्या. पण वाक्य अडलं नाही. "धिस इज द बेस्ट पार्ट. माय हजबंड लव्ह्ड इट." त्या मुलीने विचारलं, विल यू गिव्ह अस अ गुड प्राइस? वहिनी म्हणाल्या, "फॉर यू, ऑफ कोर्स. यू वोन्ट फाइंड अ बेटर वन." शेवटी तो पुढे झाला. "सो, इज इट अ डील?" वहिनींनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान डोलावली. वहिनींनी हात पुढे केला आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "इट्स अ डील! यू वोन्ट रिग्रेट इट."

आम्ही टाळ्यांचा कडकडाट केला. त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने वहिनींना मिठी मारली. मला वाटलं, काय अभिनय करते ही पोरगी!

वर्ग संपल्यावर मी दूध आणायला खाली निघाले, तर लिफ्टमध्ये ही दोघं. दार मिटल्याबरोबर मुलगी मराठीत सुरू झाली. "काकू, तुम्ही समोरच राहता ना? आजी घर कधीपर्यंत रिकामं करतील, काही बोलल्या का तुमच्याकडे? शाळा सुरू व्हायच्या आत आम्हाला यायचंय."

"कुठलं घर?" मी म्हटलं.

"हेच की. त्यांच्या मुलाशी आमचं आधीच बोलणं झालंय. तो म्हणाला, आईला स्वतः दाखवायला आवडेल, तुम्ही दुपारी जा, तिला बरोबर चार माणसं असली की बरं वाटतं. आणि तुमच्यात व्यवहाराचं बोलणं इंग्रजीतच असतं म्हणे." नवरा म्हणाला, "एवढी गिऱ्हाइकं असतील असं मात्र नव्हतं वाटलं. ते म्हातारे गृहस्थ 'आत्ता घेतो' म्हणाले ना, तेव्हा वाटलं, घर हातचं गेलंच. म्हणून मग आम्ही लगेच विचारून टाकलं."

लिफ्ट खाली पोचली. ती दोघं मला नमस्कार करून गेली. त्यांच्यावर रागवायचीही सोय नव्हती. ती बिचारी खरोखरचं घर घ्यायला आली होती आणि आम्हाला खरोखरचे प्रतिस्पर्धी समजत होती. मॅनेजरांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी घाबरलं, तेही फ्रीजमुळे.

मॅडम फाटकापाशी गाडीची किल्ली शोधत होत्या. मी त्यांना गाठलं. त्या आधी म्हणाल्या, मला काही माहीत नाही. मग म्हणाल्या, थोडंसं माहीत होतं. बाळने त्यांना फोन करून सांगितलं होतं की घर बघायला दोघं येतील, त्यांना वर्गात बसवा. आईसमोर विकायचं नाव काढलं की ती जेवत नाही, तेव्हा तिला उगाच त्रास नको. "मला वाटलं नुसतं बघून जातील," मॅडम म्हणाल्या. आणि वर म्हणाल्या, "पण काहीही म्हणा, आज त्यांची फ्लुअन्सी काय होती! एका वाक्याला अडल्या नाहीत." मी त्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की त्यातही एका वाक्याला अडले नाही, आणि ते सगळं मराठीत होतं. शिवाय जोरात होतं, त्यामुळे जिन्यापर्यंत गेलं.

वर आले तर वहिनी कपाटावरच्या चिठ्ठ्या काढत गुणगुणत होत्या. "बघितलंस ना? एकदासुद्धा पुस्तक उघडलं नाही मी. आता बाळला फोन करून सांगते." मी त्यांना थांबवलं. हळूहळू सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. जोडपं, मोजपट्टी, बाळ, मॅडम.

वहिनी पलंगाच्या कडेवर बसल्या. हातात 'बेस्टसेलर'ची चिठ्ठी तशीच होती. "म्हणजे मीच विकलं?" त्या म्हणाल्या. "ह्यांच्या खुर्चीपाशी उभी राहून? आणि हसत हसत?" मला त्या क्षणी बाळ समोर हवा होता. विमानाने नाही, कान धरून आणला असता.

तेवढ्यात दारात डॉक्टरीणबाई आणि मॅनेजर. फाटकापाशी झालेलं बोलणं त्यांच्या कानांवर पोचलं होतंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, घाबरता काय? मराठीत थोडंच म्हणालात? इंग्रजीतलं काय मनावर घ्यायचं!" हे त्या माझ्या सोफ्याबद्दलही बोलत असाव्यात. मॅनेजरांनी चष्मा पुसला. "उलट इंग्रजीत म्हणाल्या, म्हणून तर पक्कं. मराठीत माणूस काहीही बोलतो. वहिनींनी हात मिळवून 'डील' म्हटलंय. आम्ही साक्षीला होतो. शब्द फिरवणं बरं दिसणार नाही."

"तुम्ही फ्रीज 'राइट नाउ' घेणार होतात ना?" मी म्हटलं. "उचला मग. तुमच्या चौथ्या मजल्यावर न्या. जिन्याने."

मॅनेजरांना काहीतरी काम आठवलं. डॉक्टरीणबाई मागोमाग गेल्या. खरं म्हणजे घर वहिनींच्या नावावर होतं. सही त्यांची नसेल तर वीटसुद्धा हलणार नव्हती. पण मला धास्ती होती ती वहिनींची. ही बाई कोणाला नाही म्हणत नाही. भांडीवालीला नाही म्हणत नाही, चुकीच्या पत्त्यावर आलेल्या माणसालासुद्धा आधी पाणी देते. बाळने एकदा 'आई, माझ्यासाठी' म्हटलं की ही सही करून मोकळी होणार, आणि उद्या माझ्या समोरच्या दारात दुसऱ्याच कुणाच्या चपला दिसणार. घराचं नुकसान होतं ते होतंच. पण मला वहिनी जायला नको होत्या, हे मी सरळ कबूल करते.

फोन बाळचाच आला. व्हिडिओवर. वहिनी अजून ती चिठ्ठीच धरून बसल्या होत्या, म्हणून फोन मी धरला.

"आई! काँग्रॅट्स!" बाळचं कपाळ अख्खा पडदा व्यापून होतं. "ते दोघं इतके खूश आहेत! म्हणाले, आजींनी स्वतःच डील केलं. मला वाटलंच होतं, तू मनातून तयार होतीस."

"मला सांगितलं का नाहीस?" वहिनी म्हणाल्या.

"तुला त्रास नको म्हणून गं. आणि जबरदस्ती कुठे आहे? सही तुझीच लागणार. तू ये फक्त. तुझी खोली तयार आहे."

मी डोळे मिटले. आता त्या 'बरं बाळा' म्हणणार, हे मला दिसत होतं. पण त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला, पाठ सरळ केली आणि म्हणाल्या, "दाखव बरं खोली."

बाळने फोन फिरवला. एक खोली दिसली. खोली म्हणजे घर बांधून झाल्यावर जे उरतं ते. पलंग एका भिंतीला, आणि त्याच्या पायथ्याशी धावायचं मशीन.

"कॅन आय हॅव अ क्लोजर लुक?" वहिनी म्हणाल्या.

बाळ हसला. "वा! काय इंग्रजी!"

"डझ इट गेट प्लेंटी ऑफ लाइट?"

"हो, लाइट आहे ना. हे बघ, ट्यूब." त्याने बटण दाबलं. खिडकी होती, ती पाइपांच्या बोळात उघडत होती. "उघडायची मात्र नाही. वास येतो."

"अँड धिस मशीन? डझ इट कम विथ द रूम?"

"ट्रेडमिल? तो... सध्या इथेच राहील, आई. दुसरीकडे जागाच नाही. पण तू झोपलेली असताना कोणी धावणार नाही, नक्की."

"डू यू हॅव समथिंग बिगर?"

"आई, मोठी खोली मुलांची आहे. दुसरी आमची आहे. ही छोटी आहे, पण छान आहे. कोझी आहे. शांत आहे. खूप डिमांड आहे गं आमच्या भागात अशा खोल्यांना." बाळला कळतही नव्हतं, पण तो विकायला लागला होता. कपाळावर घाम दिसत होता. मधेच नात डोकावली आणि म्हणाली, "ग्रॅनी, डोन्ट टेक इट, इट स्मेल्स!" तिला कोणीतरी मागून ओढलं.

मला हसू आलं आणि रडूही. पण वहिनी हसत नव्हत्या. नातीच्या बाहुल्यांच्या दुकानासारखा हा खेळ नव्हताच. त्या खरंच खरेदी करत होत्या. उरलेलं आयुष्य कुठे ठेवायचं, ते बघत होत्या, आणि आजवर त्यांना ते कोणी बघू दिलं नव्हतं. लग्नात नाही, नंतर नाही.

"आणखी एक विचारायचंय," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. ओठ हलले, पण वाक्य जुळेना. परत करण्याचा धडा आमचा अजून झाला नव्हता. त्यांनी मराठीतच विचारलं. "नाही पटलं तर परत येता येईल का रे मला?"

बाळने फोन स्वतःकडे वळवला. उत्तर त्याच्यापाशी होतंच. इतकं उघड उत्तर होतं की आपण काय बोलतोय हे बोलून होईपर्यंत त्याच्या लक्षात आलं नाही.

"परत कुठे येणार, आई? घर तर विकलेलं असेल ना."

बाळचा चेहरा हळूहळू उतरला. माणूस वाईट नाही तो. त्याने फक्त कधी हिशेबात आईला माणूस धरलं नव्हतं, सामानात धरलं होतं.

"मग नको रे बाळा," वहिनी म्हणाल्या. "ज्या दुकानात माल परत घेत नाहीत, तिथून मी आजवर साधा चमचासुद्धा घेतला नाही."

एवढं बोलून त्या उठल्या आणि आत गेल्या. फोन माझ्या हातात तसाच होता. त्यातून बाळ 'आई, अगं आई, ऐक तर' असं म्हणत होता. मी तो पलंगावर उताणा ठेवला आणि त्याला म्हणू दिलं.